जेलीफिशच्या मागावर : रत्नागिरी ते वेंगुर्ला

शुक्रवार, रत्नागिरी

माझी मावसबहीण शिरगावच्या फिशरीज कॉलेजात शिकली, आता नोकरी पुण्यात पण जीव सगळा समुद्रात. घरात सगळेच तिला ताई म्हणतात. दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला, म्हणाली पावसानंतरचा सीझन आहे, किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत उतरू, वाटेत जेलीफिश कुठल्या दिसतात, किती दिसतात, पाणी किती खारट आहे ते बघत जाऊ, येतेस का. पावसाळ्यात किनाऱ्यावर ब्लू बॉटल, त्या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या निळ्या, पडलेल्या बघितल्यापासून माझ्याही डोक्यात हा विषय होताच, मी लगेच बॅग भरली.

सकाळी सहाला मिरकरवाडा. ट्रॉलर येऊन लागलेले, बर्फाचा भुगा, टोपल्या, लिलावाची आरडाओरड, पायाखाली सगळं ओलं. आम्हाला हवं होतं ते कुणाच्याच टोपलीत नसतं, ते धक्क्याच्या कडेला जाळी झटकतात तिथे पडलेलं असतं. ताईने पाच मिनिटांत तीन प्रकार वेगळे करून दाखवले. एक पारदर्शक, मधोमध घोड्याच्या नालासारखे चार आकार, ही चंद्रजेली म्हणजे ऑरेलिया, ते चार नाल म्हणजे तिचे अंडाशय किंवा वृषण. दुसरी तपकिरी छटेची, लांबच लांब दोरे असलेली, क्रायसाओरा, हिला हात लावायचा नाही. तिसरी जाडजूड, घट्ट, कडेला एकही दोरा नाही आणि खाली आठ जाड झुबकेदार बाहू. या तिसऱ्या गटाला एक मोठं तोंड नसतंच, बाहूंवर शेकडो बारीक भोकं असतात आणि त्यातून ती प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खेचून घेते.

एका तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) विचारलं की यंदा जेली किती. म्हणाले, "परवापर्यंत नव्हती, दोन दिवसांत एकदम आली, काल एक ओढ पूर्ण सोडून दिली आम्ही, जाळं वर घेता येईना." म्हणजे डिझेल जाळून दोन-तीन तास ओढलेलं जाळं समुद्रातच रिकामं करायचं. जेलीचं वजन जाळ्यावर येतं, जाळं फाटतं, तिच्यात सापडलेला मासा दबून खराब होतो, आणि वर निवडायला बसलेल्या खलाशांचे हात दिवसभर चुरचुरतात. नुकसान असं चारी बाजूंनी होतं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही कारण जे विकलं जात नाही ते लिलावाच्या वहीत चढत नाही. ही गोष्ट मला पुढे सगळ्या ट्रिपमध्ये खटकत राहिली.

दुपारी झाडगावचं मत्स्यालय बघितलं, कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं, देवमाशाचा सांगाडा आहे तिथे, पोरांना घेऊन जाण्यासारखं. संध्याकाळी भाट्याच्या वाळूवर भरतीच्या रेषेला निळी बटणं सापडली. रुपयाएवढी चकती, भोवती निळी झालर. हे पोर्पिता, खरी जेलीफिश नव्हे, तिची लांबची नातेवाईक. ब्लू बॉटल पण तशीच, तो तर एक प्राणी नसून अनेक जीवांची एकत्र वसाहत असते. ही दोन्ही पाण्यावर तरंगतात आणि वारा नेईल तिकडे जातात, म्हणूनच पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे असताना मुंबई-गोव्यापर्यंत सगळीकडे येऊन पडतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जुहूला वगैरे दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या होत्या त्या ब्लू बॉटलच्याच.

शनिवार, विजयदुर्ग आणि देवगड

पावस, पूर्णगड, जैतापूर करत सागरी मार्गाने खाली. रस्ता सुंदर, खड्डे आहेत, वेळ हाताशी ठेवून निघा.

विजयदुर्गला किल्ला बघायच्या आधी वाघोटन खाडीच्या तोंडाशी ताईने तिचं यंत्र काढलं. रिफ्रॅक्टोमीटर, हातभर पण नाही, काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं, आत खारटपणाचा आकडा दिसतो. बाहेरच्या बाजूला ३४ च्या वर, म्हणजे एक किलो पाण्यात ३४ ग्रॅम मीठ. गाडीने खाडीच्या आत काही अंतर गेलो तर आकडा बराच खाली. नोव्हेंबरात ही स्थिती, मग जुलैत नदी फुगलेली असताना काय होत असेल याचा अंदाज करा.

इथे बसून तिने जे समजावलं तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण जिला जेलीफिश म्हणतो ते तिच्या आयुष्याचं फक्त एक रूप. नर-मादीपासून बारीक अळी होते, ती पोहत जाऊन दगडाला, शिंपल्याला, धक्क्याच्या खांबाला चिकटते आणि तिथे तिचा पॉलिप होतो, दोन-तीन मिलीमीटरचा, वरच्या टोकाला तोंड आणि भोवती बारीक दोरे. हा पॉलिप महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तिथेच राहतो, स्वतःपासून दुसरे पॉलिप बनवत राहतो, काही जाती तर परिस्थिती वाईट झाली की कवचाची गाठ करून आत दडून बसतात. आणि मग योग्य वेळ आली की त्या पॉलिपला आडव्या खाचा पडायला लागतात, जेवणाच्या ताटल्यांची चळत रचावी तसा तो दिसतो, आणि वरची एकेक ताटली सुटून पोहायला लागते. ती इफायरा, म्हणजे जेलीफिशचं पिल्लू. एका पॉलिपमधून अशी अनेक सुटू शकतात. त्यामुळे तांडेलकाका म्हणाले तशी जेली "दोन दिवसांत एकदम आली" तरी तिची तयारी तळाशी कधीची चाललेली असते, आणि प्रवाहाने, वाऱ्याने तिला एका जागी गोळा केलं की आपल्याला ती पहिल्यांदा दिसते.

आता योग्य वेळ कुठली. युरोपात चंद्रजेलीवर भरपूर काम झालंय, तिथे हिशोब मुख्यतः तापमानाचा. हिवाळ्यात पाणी गार पडतं, त्या थंडीने पॉलिपला इशारा मिळतो, हिवाळा संपता संपता पिल्लं सुटतात, वसंतात प्लँक्टन वाढला की भराभर मोठी होतात, उन्हाळ्यात अंडी सोडून मरतात. इंग्लंडच्या दक्षिणेला साउदॅम्प्टनच्या खाडीत फेब्रुवारीच्या सुमारास पिल्लं दिसतात आणि भर उन्हाळ्यापर्यंत मोठ्या जेली संपलेल्याही असतात. आपल्याकडे काय. जानेवारीत पाणी सव्वीस-सत्तावीस अंश, मेमध्ये तीसच्या आसपास. म्हणजे वर्षभराचा फरक तीन-चार अंशांचा, तो काय इशारा देणार. पण खारटपणा, गढूळपणा, खाणं, हे सगळं जून ते सप्टेंबर उलटंपालटं होतं. नद्या गाळ आणि खत घेऊन येतात, खोलातलं पोषक पाणी वर येतं, प्लँक्टन फुटतो, त्यावर कोपेपॉड म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे कवचधारी किडे वाढतात आणि तेच जेलीचं मुख्य खाणं. शिवाय पावसाच्या शेवटी पश्चिम किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यात ऑक्सिजन खूप कमी होतो, मासे तिथून पळतात, जेलीला मात्र कमी ऑक्सिजन माशापेक्षा बराच जास्त सोसतो. म्हणून ताईचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं, की कोकणातल्या जेलीचं कॅलेंडर थंडीवर नाही, पावसावर लागलेलं असणार आणि युरोपचं वेळापत्रक इथे आणून चिकटवण्यात काही अर्थ नाही, आपलं आपल्याला बनवायला लागेल.

देवगडला पोचेपर्यंत चार वाजले. बांगडा-भात, सोलकढी, झोप. संध्याकाळी मिठमुंबरीच्या किनाऱ्यावर एक ताजी मेलेली जाड जेली मिळाली, ताईने ग्लोव्ह्ज घालून तिच्या छत्रीचा, म्हणजे वरच्या घुमटासारख्या भागाचा, बरोबर अर्धा किलोचा तुकडा कापला, वजनकाटा आणलेलाच होता, आणि स्टीलच्या परातीत पसरून वर जाळी बांधली. म्हणाली वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत रोज उन्हात ठेवायचा.

रात्री लाटा निळ्या चमकत होत्या. नॉक्टिल्युका, एका पेशीचा जीव, हिवाळ्याच्या तोंडाला या किनाऱ्यावर बऱ्याचदा दिसतो. खूप वेळ बसलो.

रविवार, मालवण

कुणकेश्वराचं दर्शन घेऊन आचऱ्यामार्गे मालवण गाठलं आणि आमचं नशीब की तारकर्लीच्या वाटेवर रापण लागलेली होती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, होडीतून मोठं जाळं अर्धगोल टाकत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि मग दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं ते पावलापावलाने ओढत येतात, म्हातारे, पोरं, बायका, सगळे. येईल त्या माशाचे वाटे पडतात. आम्हीपण दोर धरला. जाळं जवळ आलं तसा अंदाज यायला लागला, दोर फार जड लागत होता, रापणकर एकमेकांकडे बघायला लागले. आत पेडवे, थोडे बांगडे, मोदकं, आणि बाकी जेली. नुसती जेली, मघाच्याच जाड जातीची, लहानमोठी.

एक वयस्कर रापणकर वाळूवर बसून माशातून जेली बाजूला टाकत होते. ताई पिशवीत दोन-तीन भरायला लागली तर म्हणाले, "काय गो बाय, ह्या खंय घेऊन चललंस? खातलंस काय?" ताईने सांगितलं अभ्यासाला. मग ते मोकळे झाले. "पाऊस सरलो की येतत ही. ह्या वर्सा पाऊस लांबलो ना, म्हणान उशिरा इली. पाऊस येळेवर गेलो तर दसऱ्याकच दिसतत. मगे थंडीत एखाद्या वर्सा इतकी येतत की जाळा वडूक जमना नाय, एखाद्या वर्सा बघूक मिळणत नाय."

ताई माझ्याकडे बघून हसली. कालचा सगळा युक्तिवाद त्या माणसाने दोन वाक्यांत, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला, समोर ठेवला होता. पाऊस लांबला तर जेली लांबते. अशी माहिती या किनाऱ्यावर प्रत्येक वाडीत एकेका म्हाताऱ्या माणसाकडे आहे, वर्षवार लावून घेतली तर सोन्यासारखी आहे आणि ती घ्यायला कोणी येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेवढ्यात एका पोराच्या मनगटाला काहीतरी लागलं, तपकिरी दोरा, त्या क्रायसाओराचा असावा. लाल वळ उठला. कोणीतरी वाळू चोळायला निघालं, ताईने अडवलं. तिने जे केलं ते लिहून ठेवा, कामाचं आहे. आधी समुद्राच्याच पाण्याने धुतलं, गोड्या पाण्याने नाही, कारण कातडीवर न फुटलेल्या डंखपेशी शिल्लक असतात आणि गोडं पाणी लागलं की त्या फुटतात. चोळायचं अजिबात नाही. चिकटलेले तुकडे चिमट्याने उचलले. मग शेजारच्या घरातून गरम पाणी आणलं, सोसेल इतकं, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि हात वीस मिनिटं त्यात. उष्णतेने विषातली प्रथिनं निकामी होतात. पोरगा अर्ध्या तासात हसत होता. श्वास लागला, चक्कर आली, चेहरा-ओठ सुजले, तर मात्र घरगुती काही न करता थेट दवाखाना.

जेली निवडताना अजून एक दिसलं ते सांगायलाच हवं. काही छत्र्यांच्या खाली बारीक माशांची पिल्लं होती, बोटाच्या पेराएवढी, एकीच्या बाहूंत इवलासा खेकडा. मोठ्या माशांपासून लपायला ही पिल्लं जेलीच्या आडोशाला राहतात. जाळ्यात आली की जेलीला शिव्या मिळतात, त्यात चूक काही नाही, पोटावर पाय येतो, पण उद्या मोठे होणारे काही मासे तिच्याच छत्रीखाली वाढत असतात.

सोमवार, देवबाग

आजचा दिवस पॉलिपसाठी. कर्ली नदीचा संगम, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये देवबागची चिंचोळी पट्टी. पूर्ण सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ गाठून खडकांवर, कालवांच्या शिंपल्यांखाली, जुन्या दोरांवर, धक्क्याच्या खांबांवर भिंग घेऊन शोधत बसलो. होडीवाल्या काकांनी नांगराचे दोर वर ओढून दिले, त्यावर काय काय होतं, बार्नेकल, शेवाळ, हायड्रॉइडची झुडपं, स्पंज, एका वितेवर अख्खी वस्ती. पॉलिप म्हणावा असा खात्रीचा एकही नाही. ताईला त्याचं काही वाटलं नाही, जगभरात बहुतेक मोठ्या जेलींचे पॉलिप निसर्गात अजून कोणाला सापडलेलेच नाहीत, प्रयोगशाळेत वाढवलेले तेवढे माहीत. म्हणजे ज्या रूपावर पुढच्या वर्षीची संख्या ठरते तेच रूप नजरेआड. आणि त्याला हवी असते टणक जागा. वाळूच्या किनाऱ्यावर आपण जे जे धक्के, बंधारे, काँक्रीटचे चौपायी ठोकळे टाकत चाललोय ती सगळी त्याला नवी घरं, हे बंदरं बांधताना कोणीतरी विचारात घ्यायला पाहिजे असं मला फार वाटतं.

इथेच बाजूला मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ ला जाहीर झालेलं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं. पर्यटक स्नॉर्केलिंगला येतात ते याच पाण्यात.

दुपारी संगमाच्या आत खाडीत चंद्रजेली दिसल्या, थोड्याच. इथे ताईने शरीराची गंमत सांगितली. जेलीला आपल्यासारखं आतलं मीठ वेगळं राखता येत नाही, बाहेर पाणी जेवढं खारट जवळपास तेवढीच ती आतून खारट. म्हणून ३५ खारटपणाच्या समुद्रात तिच्या अंगात साधारण ९५-९६ टक्के पाणी, आणि बाल्टिकसारख्या अळणी समुद्रात तीच चंद्रजेली ९८ टक्क्यांपर्यंत पाणी. प्राणी तोच, पण किलोमागे कोरडा ऐवज निम्मा, कारण मीठच कमी. मग नुसतं ओलं वजन किंवा नुसतं कोरडं वजन घेऊन एका खाडीची दुसऱ्या समुद्राशी तुलना केली तर फसलोच समजा. एक बारकावा मात्र ती राखते. अंगातलं सल्फेट ती बाहेर टाकते आणि त्याजागी हलकं क्लोराइड ठेवते, त्यामुळे तरंगणं सोपं जातं. आणि तेच जड कॅल्शियम सल्फेट ती छत्रीच्या कडेच्या तोल सांभाळणाऱ्या बारीक खड्यांसाठी वापरते. मेंदू नाही, हृदय नाही, पण हलकं काय आणि जड काय याचा हिशोब चोख.

मंगळवार, वेंगुर्ला

सकाळी वेंगुर्ला बंदर, लांबवर समुद्रात ते खडक आणि दीपगृह. जेली जवळपास नाहीच, दोन मच्छीमारांना विचारलं, दोघं म्हणाले आठवड्यापूर्वी होती, गेली. तारकर्ली इथून पन्नास किलोमीटर पण नाही.

आणि आमची परात. अर्ध्या किलोची वीस-बावीस ग्रॅम राहिली होती, चामट पापुद्रा आणि त्यावर मिठाचे खडे. ताईने हिशोब मांडला. यातलं बहुतेक मीठ. शिवाय ऊन असो की साठ अंशांचा ओव्हन, थोडं पाणी प्रथिनांना आणि क्षारांना धरून बसतंच, ते जात नाही आणि वजनात मोजलं जातं. खरा सेंद्रिय भाग ओल्या वजनाच्या एक टक्क्याच्याही आत, म्हणजे किलोला पाच ते दहा ग्रॅम, त्यात सगळ्यात जास्त प्रथिनं, बरंचसं कोलॅजन, मग थोडी चरबी, पिष्टमय पदार्थ नावाला. बांगड्याच्या किलोभर मांसात प्रथिनंच दोनशे ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे रविवारी रापणीत जो जेलीचा ढीग आला त्यात खरा जीव किती, तर काही मूठ.

तो जीव पण शरीरात सगळीकडे सारखा नसतो. छत्री म्हणजे जवळजवळ समुद्रच, बाहू जरा भरीव, आणि अंडाशयात सगळ्यात जास्त प्रथिनं आणि चरबी. अंडी तयार होत असतानाची जेली आणि अंडी सोडून खंगलेली जेली, दिसायला एकाच आकाराच्या असल्या तरी खाणाऱ्याच्या दृष्टीने वेगळं अन्न. उपाशी राहिली तर जेली मरायच्या आधी आकसत जाते, पुन्हा खाणं मिळालं की वाढते. त्यामुळे लहान जेली दिसली म्हणजे ती कोवळीच असं नाही, भुकेलेली असू शकते. म्हणून नुसती संख्या मोजून चालत नाही, आकार, अंडाशयाची अवस्था, तारीख, सगळं सोबत हवं.

इतक्या पाणचट अन्नावर जगणारे प्राणी आहेत. लेदरबॅक कासव, जगातलं सगळ्यात मोठं कासव, मुख्यतः जेलीवर जगतं. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याजवळ कासवांच्या पाठीवर कॅमेरे लावून अभ्यास केला तेव्हा एक कासव दिवसाला सरासरी ३३० किलो जेली खात होतं, स्वतःच्या वजनाच्या ७३ टक्के. कारण तेच, किलोमागे हाती फार थोडं लागतं. इथल्या वायंगणीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले, त्याच्याही आहारात जेली असते, आणि पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी त्याला जेलीच वाटते. वायंगणीच्या वाळूवर आम्ही पिशव्याच वेचल्या नंतर.

जेवताना एकाने विचारलं की चीनमध्ये खातात तर आपण का विकत नाही. आंध्र, तमिळनाडू, गुजरातकडून निर्यात होते, मीठ आणि तुरटीत मुरवून पाणी काढतात आणि पाठवतात. पण जाड घट्ट जातीच चालतात, मुरवल्यावर वजन भरपूर घटतं आणि एखाद्या वर्षी जेली आलीच नाही तर कारखाना बंद. रापणकर काका म्हणाले तसं, एखाद्या वर्षी बघायला पण मिळत नाही. त्या भरवशावर कोणी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा आधी कधी येते ते कळलं तर मच्छीमाराचं डिझेल वाचेल. वीज प्रकल्पांनाही तेच लागू, कल्पक्कमच्या अणुवीज केंद्राला समुद्राचं पाणी ओढताना जेलीचा त्रास होतो, स्वीडनमध्ये ऑस्करशामची अणुभट्टी २०१३ मध्ये चंद्रजेलीने पाइप तुंबले म्हणून बंद करायला लागली होती.

ताईने आता एक वही सुरू केलीय. मिरकरवाड्याचे तांडेलकाका, तारकर्लीचे रापणकर, देवबागचे होडीवाले काका, तिघांनी फोनवर रोज सांगायचं कबूल केलंय: जेली दिसली की नाही, थोडी की खूप, छोटी की मोठी, दोरेवाली की जाड. न दिसली तर तेही सांगायचं, कारण नसल्याची तारीख असल्याच्या तारखेइतकीच लागते. तुम्ही देवगड, आचरा, निवती, कुठेही किनाऱ्याला राहत असाल तर तुम्हीपण लिहायला लागा, तारीख, जागा, भरती की सुकती, उधाण (मोठी भरती-ओहोटी) की भांग (लहान), वारा कुठला, आणि शेजारी रुपया ठेवून फोटो. आम्ही परत जाणार मेच्या शेवटी, १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत, पाऊस पडायच्या आधीचं पाणी मोजायला, आणि मग नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या रापणीला.